बांधाकडच्या ओळी

तासगाव,
घटस्थापनेचा आदला दिवस

प्रिय दत्ता,

रथाला येऊन गेलास असं कळलं. घरी आला नाहीस. मीही चार वर्षांत पत्र सोड, साधा फोन केला नाही, तेव्हा बोलायला तोंड नाही. इकडं सगळे बरे. आईचे गुडघे चालूच, माझी शुगर आहे तिथं आहे.

आता मुद्द्यावर येतो, नाहीतर हेही पत्र फाडून टाकीन. द्राक्षबागेनं छाटणीला नकार दिलाय. सगळ्या नाही, बांधाकडच्या तुझ्या अकरा ओळींनी.

वेलीच्या संमतीचा नियम झाल्यापासून छाटणीआधी कृषी सहायक येतो, ओलांड्याला, म्हणजे वेलीच्या आडव्या फांदीला, खोक्याच्या पिना लावतो आणि तासभर बसतो. खोका वेलीची टकटक ऐकून कागदावर मराठी काढतो. मराठी कसलं, बंड्याचा निबंध. माझ्या ओळींचं 'चालेल' आलं. बांधाकडं 'नाही'. तीनदा विचारलं, तीनदा नाही. पोरगं नवीन आहे, म्हणालं, काका, कारण विचारू का? विचार म्हटलं. कागद निघाला: 'पाणी. दुसरा माणूस गेली ती उन्हाळा.'

मी म्हणालो, मशीन बिघडलंय. पण रात्रभर स्वतःशीच वाद घालत बसलो. सगळी बाग तास-ए-गणेश. वसंतराव आरव्यांनी थॉमसनमधून निवडलेला वाण, त्याच्याच काड्या कापून कापून तालुका भरला. म्हणजे तुझी ओळ काय नि माझी ओळ काय, वर एकच वेल. खाली खुंट डॉगरिजचा, तोही सगळीकडं तोच, अमेरिकेचा पाय. कलमं आपण एकाच श्रावणात बांधली, एकाच पट्टीच्या रिळातनं. (तुझी नऊ मेली, माझी चार. तू अजून उलटं सांगत फिरतोस म्हणे.) मग फरक राहिला कशाचा?

व्हॉल्व्हचा. हे तुला माहीत नाही, कुणालाच नाही.

तू पुण्याला गेलास त्या उन्हाळ्यात खरड छाटणीनंतर मी बांधाकडचा व्हॉल्व्ह निम्म्याच्या खाली आणला. लोकांना सांगितलं, घडनिर्मितीला ताण देतोय. ताण देतातच, पण थोडे दिवस आणि अख्ख्या बागेला. मी तुझ्याच ओळींना दिला, आणि मिरगाचा पाऊस पडेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावला नाही. रोज संध्याकाळी जाऊन बघायचो. पानं कडेनं वाटीसारखी वळलेली, शेंडे वाढायचे थांबलेले, आणि ड्रिपरखाली मातीचा ओला ठिपका रुपयाएवढा. बघून बरं वाटायचं रे. मोटारीच्या पैशाचा राग मी वेलींवर काढला, कारण वेल भांडायला येत नाही. म्हणजे तेव्हा येत नव्हती. (पैसे तू बुडवलेसच. ते या पत्रात वळते होत नाहीत.)

२०२३ साली तेल अवीवच्या लोकांनी छापलं होतं आठवतं का? तहानलेलं टोमॅटोचं झाड तासाला सरासरी ३५ वेळा, तंबाखूचं ११ वेळा टक् करतं, आपल्या कानाच्या वरच्या पट्टीत, आणि पाणी प्यालेलं तासाला एकदासुद्धा नाही. तूच मला ते व्हॉट्सअॅपवर पाठवलं होतंस. मी उत्तर दिलं, झाडाला बोलता आलं तर पहिल्यांदा मजुरी मागेल. काल त्याचाच हिशेब मांडला. टोमॅटोचा दर धरला, दिवसाचे दहाच तास, सत्तर दिवस: एका वेलीमागं २४,५०० टक्. मी शेजारी उभा राहून तंबाखू मळत होतो.

आणखी एक भीती. आप्पांच्या मळ्यातल्या काड्या आपल्याच बांधावरून गेल्यात, त्या उन्हाळ्यानंतर. काडीबरोबर आठवण जाते का? परवा त्यांच्याकडं खोका लागणार आहे. तिथंही असलाच कागद निघाला तर आप्पा तो पारावर मोठ्यानं वाचतील, तेही चष्मा पुसून पुसून. मशीन बिघडलंय असं दोन शिवारांत सांगता येत नाही.

काल रात्री बॅटरी घेऊन गेलो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, माती काळी होईस्तोवर थांबलो. सकाळी पोराला परत बोलावलं. 'नाही.' छाटणीच्या तोंडावर एवढं पाणी देणारा शहाणा कोण, असं वेलीला वाटलं असेल.

चिनूच्या दहावीचं कळलं, अभिनंदन सांग. वहिनींची बदली झाली का? फ्लॅटचा ताबा मिळाला असेल आता.

छाटणी आणखी लांबली तर यंदाचा माल सरळ बेदाण्यालाच जाईल. सातबाऱ्यावर अजून तुझं नाव आहे, त्यामुळं फेरविचारणीला तुझी सही लागते असं पोरगं म्हणतं. सहीच्या निमित्तानं ये. मला काय बोलायचं ते बांधावर बोल, त्यांनाही ऐकू दे. येताना कात्री आणू नकोस. तुझी हरवलेली कात्री भाऊंच्या ट्रंकेत आहे. मीच ठेवली होती.

तुझा,
सुभाष