कॅमेरा किती जवळ जातो, तेही छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवशिक्यांनी कॅमेरा कसा निवडावा, याविषयीचा लेख व तक्ता आपल्या रविवार पुरवणीत वाचला. लेख उपयुक्त आहे. मात्र ज्यांना बागेतील किडे टिपायचे आहेत, त्यांना मेगापिक्सेल आणि झूम या दोन रकान्यांवरून फारसा बोध होणार नाही, उलट माझ्यासारखी फसगत होण्याचीच शक्यता अधिक.

निवृत्तीनंतर गच्चीवरच्या कुंड्यांमधील किडे टिपण्याच्या हौसेने मी दुकानात गेलो आणि विक्रेत्याच्या आग्रहावरून डीएसएलआरसोबत (लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यासोबत) 70-300 मिमी नाभीय अंतराची झूम लेन्स घेऊन आलो. दीड मीटरपेक्षा जवळचे काही तिला स्पष्ट दिसत नसे आणि तिचे कमाल प्रमाण 1:4 होते, म्हणजे वस्तू सेन्सरवर (कॅमेऱ्यातील चित्र टिपणाऱ्या पट्टीवर) मूळ आकाराच्या एक चतुर्थांशच उमटे. पंख पसरले की बारा-पंधरा सेंटीमीटर भरणाऱ्या राणी पाकोळीला ते पुरून उरले. पण जास्वंदीच्या कळीवरचा मावा जेमतेम दोन मिलिमीटरचा, तो सेन्सरवर अर्धा मिलिमीटर उमटला, म्हणजे साधारण 24 मिलिमीटर रुंदीच्या, एपीएस-सी म्हटल्या जाणाऱ्या आकाराच्या सेन्सरचा अठ्ठेचाळिसावा भाग. मेगापिक्सेल भरपूर असल्याने चित्र कापून मोठे करता आले खरे, पण हाती आला तो एक हिरवट ठिपका.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारावा तो हा, की लेन्स किती जवळून फोकस करते आणि कमाल प्रमाण किती मिळते. खऱ्या मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपण्यासाठीच्या, लेन्सचे प्रमाण 1:1 असते. त्यातही 100 मिमीच्या आसपासची लेन्स घेतल्यास पूर्ण प्रमाणात टिपतानाही लेन्सचे तोंड आणि किडा यांत बारा-पंधरा सेंटीमीटर अंतर राहते, आणि सकाळच्या उन्हात अंग शेकत बसलेली टाचणी (चतुरासारखा नाजूक किडा) बिथरत नाही. लेन्सच्या अंगावर ‘मॅक्रो’ एवढे छापलेले असणे पुरेसे नाही; अनेक झूम लेन्सवर तो शब्द केवळ शोभेपुरता असतो.

तथापि, नवशिक्याने लगेच एवढा खर्च करावा असे मला वाटत नाही. 1:1 प्रमाणात छिद्रमान (लेन्समधल्या प्रकाशछिद्राचे माप) एफ/11 इतके बारीक ठेवले तरी जेमतेम एक मिलिमीटर खोलीपुरतेच चित्र स्पष्ट येते. खंडोबाच्या किड्याचा डोळा रेखीव उमटला तर त्याच्या पुढच्या पायांवरचे काटे धूसर होतात, आणि वाऱ्याच्या झुळकीने पान हलले की तेही गेले. तीच चौकट लहान सेन्सरच्या कॅमेऱ्याने टिपली, तर त्याच छिद्रमानाला स्पष्टतेची खोली अधिक मिळते, ही गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. त्यामुळे जुना ब्रिज कॅमेरा (न निघणारी झूम लेन्स आणि लहान सेन्सर असलेला) आणि त्याच्या तोंडाला चिमट्यासारखे बसणारे रेनॉक्स डीसीआर-250 हे आठ डायॉप्टर शक्तीचे भिंग, किंवा लेन्सपासून एक सेंटीमीटरवरचेही टिपणारा ऑलिंपस टीजी मालिकेतला कॅमेरा, यांपैकी एखादी जोडणी सुरुवातीस अधिक फलदायी ठरते. डीएसएलआर आधीच घरी असेल, तर लेन्स आणि कॅमेरा यांच्या मधे बसणाऱ्या एक्सटेन्शन ट्यूब घ्याव्यात. त्यांत काच नसते, त्या केवळ अंतर वाढवतात आणि म्हणूनच स्वस्त असतात. ट्यूब जास्त लांब घेतली की उजेड मात्र लक्षणीय घटतो.

उरलेले पैसे फ्लॅशवर खर्च करावेत. कमी शक्तीवर लावलेल्या फ्लॅशचा झोत इतका क्षणभंगुर असतो की पान हलत असतानाही चित्र गोठते. समोर दुधाळ प्लॅस्टिकचा किंवा ट्रेसिंग पेपरचा पडदा धरला, तर ढालकिड्याच्या पाठीवर पडणारा पांढरा चट्टा नाहीसा होऊन खरा रंग दिसतो. माझा पडदा आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणापासून केलेला आहे आणि तो आजवर माझ्या सर्वांत उपयोगी साधनांपैकी एक ठरला आहे.

आपल्या लेखकास विनंती अशी, की पुढील तक्त्यात प्रत्येक कॅमेऱ्याच्या व लेन्सच्या नावापुढे किमान फोकस-अंतर आणि कमाल प्रमाण हे दोन रकाने अवश्य द्यावेत.

आपला,
एक वाचक, पुणे