एलबीएस रोडवरच्या टायरवाल्या काकांना, महागडा टायर न विकल्याबद्दल

काका, नमस्कार. तुम्ही स्वतः हे वाचणार नाही हे माहितीये, तुमचा फोन अजून बटणांचाच आहे, पण तुमची मुलगी इन्स्टावर आहे, ती वाचून दाखवेल. दुकानात येऊन तोंडावर आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही "चहा घे आणि गप बस" म्हणाला असतात, म्हणून इथे लिहितोय, चारचौघांत.

बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगतो. माझ्याकडे २०२१ ची अपाचे आरआर ३१० आहे. भांडुप ते बीकेसी ऑफिस आणि वर्षातून दोनदा लोणावळा, एवढाच तिचा आणि माझा पराक्रम. मुंबईत बाईक झोपवायला, म्हणजे वळणावर कलती करायला, जागा आहेच कुठे, अटल सेतूवर बाईकला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, जेजे फ्लायओव्हरवर तर कधीपासूनच बंदी, आणि जिथे बंदी नाही तिथे पेव्हर ब्लॉक. त्यामुळे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर बिगिनर्ससाठी दोन दिवसांचा ट्रॅक डे (आपलीच गाडी रेसच्या ट्रॅकवर चालवायची, पण रेस नाही) आहे असं कळल्यावर मी मागचापुढचा विचार न करता पैसे भरले, आणि मग पंधरा दिवस रोज रात्री जेवण झालं की युट्यूबवर टायरचे व्हिडिओ. पंधरा दिवसांनी मला ठामपणे कळलं होतं की सॉफ्ट कंपाउंडचा, म्हणजे मऊ रबराचा, रेस टायर घेतल्याशिवाय ट्रॅकवर जाणं म्हणजे मूर्खपणा. पिरेली सुपरकोर्साच हवा, दुसरं काही नको.

दुसऱ्या एका दुकानात तो मिळतही होता. डिस्काउंटमध्ये, कागदी लेबल लावलेला, चकाचक काळा. त्या माणसाने वर असंही सुचवलं की मागे १५० मिलिमीटर रुंदीच्या जागी १६० टाक, भारी दिसतं. मी फोटो काढला आणि तुमच्याकडे आलो, खरं तर फक्त फिटिंगचा रेट विचारायला आलो होतो काका, आज कबूल करतो.

तुम्ही तो फोटो बघितलात, माझा फोन हातात घेतलात आणि टायरच्या साइडवर बोट ठेवून म्हणालात, मोठा कर. तिथे लंबगोलात चार आकडे होते, १८१९. "अठरावा आठवडा, २०१९. तुझी गाडी जन्माला यायच्या आधीचा टायर आहे हा." पंधरा दिवसांच्या व्हिडिओंमध्ये हे चार आकडे मी शंभर वेळा बघितले असतील पण वाचले एकदाही नव्हते. मग तुम्ही सांगितलंत की दुकानात नुसता पडून राहिला तरी रबर वाळतं, कडक होतं, वरून काळं दिसतं ते फक्त पॉलिश. बावीस वर्षं टायरच्या कारखान्यात काढलेला माणूस रबराबद्दल बोलत होता, मी काय उलट बोलणार.

१६० वर तर तुम्ही हसलातच. रिम तेवढीच, टायर रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबला जाऊन मधे फुगणार, त्याचा आकारच बिघडणार आणि गाडी वळायला जड होणार. कंपनीने पुढे ११०/७० आणि मागे १५०/६० दिलाय, १७ इंची रिम आहे, तेच ठेव, विषय संपला.

पण मला जे सगळ्यात जास्त पटलं (आणि त्या दिवशी सगळ्यात कमी आवडलं) ते रेस टायरबद्दलचं. मी म्हटलं ठीक आहे, जुना नको, नवीन डेटचा मागवू. तुम्ही म्हणालात, "घरी बिडाचा तवा आहे का? तो तापायला किती वेळ घेतो? आणि तापायच्या आधी त्यावर भाकरी टाकली तर काय होतं?" रेस टायरचं तसंच आहे, तो तापला की चिकटतो, पण तापवायला तेवढा जोरात ब्रेक मारावा लागतो, तेवढी गाडी झोपवावी लागते, आणि रेसवाले तर तो आधीच वॉर्मर (टायर तापवायचं विजेचं पांघरूण) गुंडाळून ऐंशी डिग्रीपर्यंत गरम करून बाहेर काढतात. पहिल्यांदा जाणारा मुलगा दोन कॉर्नर घाबरत मारणार, सरळ रस्त्यावर श्वास घेणार, तेवढ्यात टायर पुन्हा थंड. शिवाय तो टायर गरम-थंड, गरम-थंड असं थोड्याच वेळा झालं की त्याचं रबर मरतं, नक्षी शिल्लक असली तरी. रोड टायर म्हणजे पत्र्याचा तवा, पटकन तापतो, आणि घसरायच्या आधी जरा कुरकुरतो तरी. "तुला आत्ता चिकटणारा टायर नको, बोलणारा टायर हवा" हे तुमचं वाक्य मी ऑफिसमध्ये पण वापरलं, दुसऱ्याच एका विषयावर.

म्हणून तोच घ्यायचं ठरलं जो कंपनीने गाडीवर दिला होता, मिशलिन रोड ५. पुढचा बरा होता तरी जोडीनेच बदल म्हणालात. मागच्याची तर लाजच वाटली मला, तुम्ही गाडीच्या मागे उकिडवे बसून एक डोळा मिटून बघितलंत आणि मलाही बसवलंत. मधोमध सपाट झालेला, कडेला धारच आल्यासारखी. ईस्टर्न एक्स्प्रेसवर रोज सरळ जाऊन जाऊन टायर चौकोनी होतो आणि मग वळताना गाडी त्या धारेवरून एकदम पलीकडे पडल्यासारखी होते, हे मला वर्षभर जाणवत होतं आणि मी सस्पेन्शनला शिव्या घालत होतो. वर त्यात पंक्चर बुजवायला खुपसलेल्या दोन दोऱ्या. "ऑफिसला चालेल, ट्रॅकवर नाही" एवढंच म्हणालात. पुढे ट्रॅकवर खरंच तपासणीवाल्याने पहिल्यांदा टायरवरच हात फिरवला, माझ्यासमोर एकाला दोरीवाल्या टायरसकट बाजूला उभं केलं.

वाचलेल्या पैशात ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड बदलून घे, हे पण तुम्हीच सांगितलंत, आणि ते काम तुमच्याकडे होत नाही, म्हणजे तुम्हाला त्यात एक रुपया नव्हता.

फिटिंग मी बाजूला उभं राहून बघितलं. पोराने साबणाचं पाणी लावलं, टायर रिमवर चढवला, तुम्ही येऊन काहीच न बोलता आधी टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघितलात कुठल्या दिशेने आहे, मग पिवळा ठिपका शोधून व्हॉल्वपाशी आणायला लावलात, टायरची ती बाजू सगळ्यात हलकी असते म्हणून. व्हॉल्व पण नवा टाकलात. मग हवा भरताना तो दोनदा ठप्प ठप्प आवाज आला, बीड म्हणजे टायरची आतली कडा रिममध्ये बसल्याचा, तेव्हा तुम्ही जे समाधानाने मान हलवलीत ना, तेवढ्यासाठी मी पुढचे सगळे टायर तुमच्याकडेच घालणार आहे. आणि नवीन टायरच्या अंगावर मोल्डचा, म्हणजे साच्याचा, ओशटपणा असतो, लगेच झोपवायचा नाही, म्हणून शहापूरपर्यंत जाऊन ये म्हणालात, तसा गेलो, येताना माळशेजच्या मोहात पडलो नाही. मग टाकी रिकामी करून, गोणपाटात बांधून गाडी रेल्वेच्या पार्सलने चेन्नईला.

निघताना तुम्ही तुमचा तो पितळी हवेचा गेज माझ्या हातात दिलात, म्हणालात पंपावरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, आणि कुठला गेज बरोबर हे महत्त्वाचं नाही, शेवटपर्यंत एकच गेज वापर आणि वहीत लिही. मी घराजवळच्या पंपावर करून बघितलं. तिकडे ३२, तुमच्या गेजवर २८. चार पीएसआयचा (हवेच्या दाबाचं माप) फरक!

ट्रॅक ३.७ किलोमीटरचा आहे, १२ कॉर्नर. आरसे काढले, हेडलाइटला टेप मारली, कूलंट काढून साधं पाणी भरायला लावलं कारण कूलंट सांडलं तर मागून येणारे सगळे घसरतील. पहिल्या सेशनला मी इतका हळू होतो की इन्स्ट्रक्टरने विचारलं गाडीला काही प्रॉब्लेम आहे का. वहीत नोंद आहे, सकाळी थंड २८, सेशननंतर ३०. तिसऱ्या सेशनपर्यंत ३२ आला आणि तळवा लावला तर टायर चहाच्या ग्लासासारखा गरम. काका, तेव्हा मला पत्र्याचा तवा आठवला आणि हेल्मेटमध्ये एकटाच हसलो.

आता चूक. पहिल्या दिवशी संध्याकाळी कुठल्यातरी व्हिडिओतलं आठवून मी गरम टायरमधली ४ पीएसआय सोडून दिली, ग्रिप वाढेल म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी न मोजताच गेलो. पुढचं चाक ब्रेक मारताना पिळवटल्यासारखं, हँडल जड, एका कॉर्नरला तर गाडी जिथे बघत होतो तिथे गेलीच नाही. बाहेर येऊन तुम्हाला फोन लावला, मागे कॉम्प्रेसर चालू होता तुमचा. तुम्ही ओरडलात तो आवाज बाजूच्या तीन जणांना ऐकू गेला. दहा डिग्री फरक पडला की साधारण दीड पीएसआय हलतो, गरमला काढलेली हवा थंडला कमीच दिसणार, आणि हवा कमी असली की टायर जास्त वाकतो, जास्त वाकला की जास्त तापतो आणि आकडा उलटा जास्त चढतो, मग तू आणखी काढणार, गाढवा. "तुझ्याकडे वॉर्मर नाहीत ना? मग सकाळचा थंड आकडा धर आणि दिवसभर हात लावू नकोस." पुन्हा २८ केला. पुढच्या सेशनला गाडी परत माझी झाली.

एक खरं सांगू, आमच्या बॅचमध्ये एक मुलगा होता सॉफ्ट टायरवर, आणि तो पडला वगैरे नाही, मस्त चालवत होता, मला दर दोन लॅपला ओव्हरटेक करत होता. पण त्याची ती सहावी वेळ होती, आणि तो सेशनच्या आधी वॉर्मर लावून बसायचा, जनरेटर घेऊन. म्हणजे टायर वाईट नव्हता, मीच त्या टायरएवढा नव्हतो.

परवा दुकानात आलो तेव्हा तुम्ही गावाला गेला होतात. पोराने टायर बघितला. मागचा जवळजवळ काठापर्यंत घासलाय, पुढच्याला मात्र दोन्ही कडांना बोटभर पट्टी अजून कोरी आहे, त्या पट्टीला लोक चिकन स्ट्रिप म्हणतात आणि लाजतात, कारण गाडी पूर्ण झोपवायला घाबरलो हे त्यातून दिसतं. रोड टायरचाच एवढा काठ माझ्याकडून वापरून झाला नाही, सुपरकोर्सा घेऊन मी काय दिवे लावले असते.

बाय द वे तुमचा गेज अजून माझ्याच बॅगेत आहे. वहीसकट शनिवारी घेऊन येतो, आकडे तुम्हीच बघा. चहा माझ्याकडून.