पिल्लू परत करण्याआधी फिनेलची बाटली बाजूला ठेवा

महोदय,

मांजरांच्या दत्तक शिबिरांची छायाचित्रे वृत्तपत्रांत हल्ली वरचेवर छापून येतात. त्या छायाचित्रांतील काही पिल्ले महिन्या-दोन महिन्यांत परत आणून दिली जातात किंवा मंडईच्या मागे गुपचूप सोडली जातात, याची मात्र बातमी होत नाही. निराधार पिल्लांना घरे मिळवून देण्याचे काम मी हौसेने करतो. परत आणणाऱ्यांना कारण विचारले, तर बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच असते : ‘घरभर घाण करते.’ हे गाऱ्हाणे खोटे नसते, परंतु त्याचा दोष पिल्लाच्या स्वभावावर टाकला जातो तो मला मान्य नाही.

मांजरीचे पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की भुसभुशीत जागा उकरून तेथे शी-सू करणे आणि ते झाकणे ही प्रेरणा त्याच्यात आपोआप जागी होते, आणि याच काळात पायाखाली जे लागते त्याची त्याला सवय जडते. अंगणातील मातीवर वाढलेल्या पिल्लापुढे एकदम सुगंधी, टोकदार दाण्यांचे लिटर (मांजराच्या शी-सूसाठी घमेल्यात पसरायचा विकतचा दाणेदार थर) ठेवले, तर ते गादी, गोधडी किंवा तुळशीची कुंडी पसंत करणारच. अशा वेळी पसरट घमेल्यात दोन बोटे लिटर घालून त्यावर ओळखीची माती किंवा बारीक वाळू पसरावी आणि ती हळूहळू कमी करत जावे. घमेल्याचा काठ पिल्लाला सहज ओलांडता येईल इतका बुटका हवा. पाण्याने गोळा होणारे बारीक लिटर लहान पिल्ले कधीकधी खातात आणि ते पोटात अडकू शकते. म्हणून सुरुवातीला कागदाचे किंवा लाकडाच्या भुशाचे लिटर बरे. घमेले जेवणाच्या ताटलीपासून दूर आणि शांत कोपऱ्यात असावे. धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी किंवा ज्याचे दार दिवसभर बंद असते अशा संडासात नसावे. पहिले काही दिवस पिल्लाला एकाच खोलीत ठेवून, झोपून उठल्यावर आणि खाणे झाल्यावर घमेल्यात नेऊन सोडले, तर बहुतेक पिल्ले लवकर शिकतात. घमेले रोज साफ करावे लागते, हे मात्र घरातल्या माणसांना शिकावे लागते.

आपल्या घरांतील खरी अडचण फिनेलची आहे. पिल्लाने कोपऱ्यात लघवी केली की आपण फिनेलचे पोतेरे फिरवतो, आपल्या नाकाचे समाधान होते आणि पिल्लू दुसऱ्या दिवशी त्याच कोपऱ्यात जाते, कारण लघवीतील युरिक आम्लाचे स्फटिक साध्या पाण्याने निघत नाहीत आणि हवा दमट झाली की त्यांचा वास पुन्हा उठतो. त्याहून गंभीर गोष्ट अशी की काळ्या फिनेलमध्ये असणाऱ्या फिनॉलवर्गीय रसायनांचा निचरा मांजराच्या यकृताला नीट करता येत नाही. ओल्या फरशीवरून चालून ते पंजे चाटते आणि विष पोटात जाते. अमोनियाच्या द्रावणांचा वास तर मांजराला लघवीसारखाच वाटतो. डाग आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावा आणि मग पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळणारे, विकरे (एन्झाइम) असलेले द्रावण तेथे काही वेळ मुरू द्यावे. पिल्लाचे नाक घाणीत घासण्याची पद्धत अजूनही काही घरांत आहे. तिच्यामुळे पिल्लू फक्त माणसाला घाबरायला आणि पलंगाखाली लपून शी करायला शिकते.

दूध हा दुसरा घोटाळा. ‘मांजर म्हणजे दूध’ हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के आहे की दूध सुटलेल्या पिल्लालाही आपण गायीचे दूध पाजतो. ते अनेक पिल्लांना पचत नाही आणि जुलाब लागलेल्या पिल्लाकडून घमेल्यापर्यंत पोहोचण्याची अपेक्षा ठेवणे व्यर्थ आहे. जंतांमुळेही असेच होते. शिकलेले मांजर अचानक घमेल्याबाहेर घाण करू लागले, तर आधी पशुवैद्य गाठावा. वयात आलेला बोका वारंवार बसतो, कण्हतो आणि लघवी होत नाही, असे दिसले तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो आणि एक-दोन दिवसांच्या उशिरानेही तो दगावू शकतो. उभ्याने, शेपूट वर करून भिंतीवर फवारा मारणे हा प्रकार वेगळा, वयात येण्याचा. साधारण पाचव्या महिन्यात नसबंदी केली, तर बहुतेक बोक्यांत तो उद्भवतच नाही.

प्राण्याला सबळ कारणाशिवाय उपाशी-तहानलेले राहण्याच्या स्थितीत टाकून देणे हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे. तरीही केवळ कायद्याच्या धाकाने पिल्लू घरात टिकेल असे मला वाटत नाही. म्हणून शिबिरे भरवणाऱ्यांना माझी विनंती आहे की आठ आठवड्यांहून लहान पिल्लू देऊ नये, त्याच्या सवयीचे ओंजळभर लिटर सोबत द्यावे आणि घरात फरशी कशाने पुसतात हे पिल्लू हाती देण्यापूर्वी विचारावे. आपणही शिबिराच्या छायाचित्राखाली चार ओळी या माहितीसाठी राखून ठेवाव्यात.

आपला नम्र,
एक वाचक, डोंबिवली