सुलतानला शेतावर पाठवू नकोस

पुणे, रविवार दुपार

प्रिय वीणे,

तुझं पत्र मिळाल्यापासून उत्तर डोक्यात घोळतंय, पण पतसंस्थेत लेखापरीक्षण चालू आहे आणि घरी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. ठरलेल्या वेळी डोळ्यांत थेंब घालायचे, मध्येच कोणी ना कोणी तिला बघायला येणार, त्यांचा चहा. आज सगळे जेवून आडवे झालेत, म्हणून बसले.

मुद्द्याचं आधी लिहिते. सुलतानला तुझ्या दिरांच्या शेतावर पाठवू नकोस.

तू लिहिलंयस की अकराव्या मजल्यावर एवढा मोठा कुत्रा ठेवणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. तुझ्या ड्यूट्या, विनयची फिरती, मुलाचं दहावीचं वर्ष, आणि तिकडे जुन्नरला तीन एकर मोकळं रान. त्यामागची तुझी माया कळते गं मला. पण त्या तीन एकरांत सुलतान हुंदडणार नाही. राखणीला ठेवलेला कुत्रा दिवसभर गोठ्याच्या खांबाला साखळीने असतो आणि रात्री सोडतात तो भुंकण्यासाठी. त्यात जुन्नरचा ऊसपट्टा! वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजारच्या अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास केला, तेव्हा त्याच्या भक्ष्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला. तिथले गावठी कुत्रे निदान त्या वाऱ्यावर वाढलेले असतात. सुलतान सोफ्यावर वाढलाय. आणि तो लॅब्रॉडॉर आहे. माणसाच्या पायाशी राहून, पाण्यात पडलेलं पाखरू आणून त्याच्या हातात देण्यासाठी घडवलेली ही जात. त्याला रान हवंच आहे, पण तू सोबत असलेलं रान हवंय. तू नसलीस तर त्या रानात तो फाटकाकडे तोंड करून बसेल. माझ्या चुलत्यांकडे दिलेली एक कुत्री अशीच बसलेली मी पाहिली आहे, आणि ते डोळे मला अजून विसरता आलेले नाहीत.

म्हणून तुला आमचं कसं चालतं ते सविस्तर लिहिते. आमचे दोन कुत्रे, राणी आणि भैरू, दोघंही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्येच राहतात. राणी आपली गावठी, भैरू कारवानी जातीचा, लातूरकडचा. हरणासारख्या पायांचा, जन्मजात पळणारा. त्यांना रोज मिळतं काय, तर सकाळी पाऊण तास आणि रात्री जेवणानंतर एक चक्कर. तेवढ्यावर ते जगतात, पण खुलतात ते भाटघरला.

पानशेत, पवना सगळं फिरून आम्ही भाटघरवर स्थिरावलो. पवनेकाठी तंबूंच्या रांगा लागलेल्या असतात आणि शनिवारी रात्री मोठमोठे स्पीकर. आपल्याला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त येतं. त्या धडधडाटात त्याला नेणं मला पटत नाही. भाटघर त्या मानाने शांत. सातारा रस्त्याने कापूरहोळपर्यंत जायचं, तिथून भोरकडे वळायचं. वेळवंडी नदीवरचं ब्रिटिशांच्या काळातलं धरण आहे. जलाशयाला आता येसाजी कंकांचं नाव दिलंय आणि समोरच्या अंगाला रोहिडा किल्ला दिसतो. नीरेच्या कालव्यांतून पाणी बारामती-फलटणकडे जायला लागलं की काठ हळूहळू मागे सरतो आणि मागे राहिलेल्या ओल्या गाळात लोक गाळपेर करतात. आम्ही ज्यांच्या बांधावर तंबू ठोकतो ते मामा दर हिवाळ्यात जागा थोडी खाली सरकवून देतात. परवानगी विचारल्याशिवाय कुणाच्या रानात उतरायचं नाही, आणि कुत्रे बरोबर असताना तर नाहीच. मामींच्या कोंबड्या दारात मोकळ्या असतात. पाहुण्यांच्या कुत्र्याने एक कोंबडी धरली तर ते दार पुन्हा उघडणार नाही. भैरूचा तर स्वभावच असा, की पळणारं काही दिसलं की तो सुटलाच. तो डोळ्यांनी शिकार करणारा कुत्रा आहे, नजर लागली की हाक त्याच्या कानात शिरत नाही. म्हणून त्याला दहा मीटरचा लांब पट्टा, अंगात हार्नेस. राणी मोकळी असते, तीसुद्धा मामांनी गुरं आत घेतल्यावर.

आता वेळेचं. तू म्हणतेस, वेळ मिळाला की नेईनच की त्याला. वीणे, वेळ मिळत नाही. आम्ही दुसरा शनिवार धरून ठेवलाय. बँका बंद, आमची पतसंस्था बंद. ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी, महिन्यातला दुसरा शनिवार कुत्र्यांचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी बारसं आलं तरी घरातलं एकच माणूस जातं आणि बाकीचे भाटघरला. मार्चमध्ये वर्षअखेर, पुढे ऊन, मग पाऊस. म्हणजे वर्षाचे जेमतेम चार-पाच महिने, आणि त्यातही आई आजारी पडते, मुलांच्या परीक्षा येतात. असं असूनही जमतं, कारण दरवेळी नवीन ठिकाण शोधायचं नसतं. रस्ता तोच, बांध तोच. सामानाची पेटी माळ्यावर तयार असते. शुक्रवारी रात्री फक्त डाळ-तांदूळ आणि पाण्याचा कॅन भरायचा. शनिवारी दुपारच्या जेवणाला तिथे, रविवारी दुपारी घरी. लोकांना वाटतं कॅम्पिंग म्हणजे लडाख, स्पिती. कुत्र्याला लडाख काय अन् भोर काय! त्याला वास हवेत. आपण श्वास सोडतो तो घेतलेल्या वाटेनेच. कुत्र्याच्या नाकपुड्यांना बाजूला फटी असतात, सोडलेली हवा तिथून निघून जाते आणि हुंगणं अखंड चालू राहतं. राणी तिथे उतरली की पहिला अर्धा तास मान वर करत नाही. रात्रीतून कोण येऊन गेलं, ससा, मुंगूस, शेजारच्या वाडीचा कुत्रा, सगळं वाचून काढते. मी तिला त्या वेळी हाकही मारत नाही.

पहिल्या रात्रीचं मात्र नीट ऐक. सुलतानला एकदम तंबूत नेऊ नकोस. आधी दिवाणखान्यात तंबू उभा कर, आत त्याची सतरंजी टाक, दोन-तीन रात्री मुलाला त्याच्याबरोबर तिथे झोपू दे. तंबूच्या चेनचा आवाज, कापडाची फडफड त्याच्या अंगवळणी पडली पाहिजे. तंबूच्या तळाला नखं लागून भोकं पडतात, म्हणून आम्ही खाली जुनी घोंगडी अंथरतो. आणि झोपताना कुत्रे आमच्याबरोबर आत, चेन बंद. बाहेर झाडाला बांधून ठेवायचं नाही, कधीच नाही. बिबट्या भोर तालुक्यातही आहे, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही जागा नसते. पहिल्या रात्री झोपेची आशा धरू नकोस. टिटवी ओरडली की तो उठणार, दूर कोल्हेकुई झाली की गुरगुरणार. तू नुसता हात ठेवायचा त्याच्या छातीवर. पहाटेकडे आपोआप श्वास जड होतो आणि सगळं वजन तुझ्या पोटऱ्यांवर येतं. घरी तो एवढा टेकून झोपत नाही. मला तर वाटतं, तुझ्या रात्रपाळ्यांचा शीण उतरायलाही तेवढं एक पुरेल.

खाण्यात सांभाळायचं म्हणजे, आपल्या ताटातलं त्याला नाही. पिठल्यात, भाजीत कांदा-लसूण असतो. त्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. द्राक्षं-बेदाणे मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट तर ठाऊक आहेच. शिजवलेली हाडं फुटून घशात-आतड्यात रुततात, तेव्हा कुणी प्रेमाने मटण केलं तरी हाड द्यायचं नाही. आमचे दोघं भात, उकडलेलं चिकन आणि लाल भोपळा खातात, वरून त्यांचं नेहमीचं कोरडं खाणं. पाणी घरून न्यायचं. किलोमागे रोज पन्नास-साठ मिली धर, म्हणजे तीस किलोच्या सुलतानला दीड-पावणेदोन लिटर तर नुसतं बसून लागतं. पळाला-पोहला की त्याहून बरंच जास्त. पोहू दे त्याला मनसोक्त, लॅब्रॉडॉरला पाण्यापासून अडवणं हे पाप आहे. पण गाळात नाही. वरून सुकलेला दिसतो आणि आत मांडीपर्यंत पाय जातो. खडकाळ उतार बघून तिथूनच पाण्यात सोडायचं. डबक्यातलं पाणी मात्र पिऊ द्यायचं नाही. उंदरांच्या मुताने लेप्टो होतो. लस दिली असशीलच, तरी कार्डावरची तारीख बघ; रेबीजचीही बघ.

आणि गोचीड. याबद्दल मी घरात सगळ्यांच्या मागे लागते. निघण्याआधी डॉक्टरांकडून गोचिडांची गोळी किंवा मानेवर सोडायचे थेंब, आणि परतल्यावर आंघोळीआधी अंगभर बोटं फिरवायची: कानाच्या घड्या, बगला, बोटांच्या बेचक्या, शेपटीच्या मुळाशी. गोचीड-ताप लगेच दिसत नाही, आठवडा-दोन आठवड्यांनी कुत्रा सुस्तावतो, खाणं सोडतो, हिरड्या फिकट होतात, कधी नाकातून रक्त येतं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी रक्त तपासून घे. बोटांच्या बेचक्यांत कुसळंही शोध. पावसाळ्यानंतर त्या माळांवरचं कुसळी गवत वाळतं, त्याची टोकं पायात आणि कानात शिरतात आणि आत आत सरकत जातात. भैरू सारखं डोकं झटकायला लागला की आम्ही आधी कान बघतो.

सापांची भीती तू लिहिली आहेस. ती योग्यच आहे. थंडीत सकाळी घोणस उन्हाला येते, म्हणून दगडांच्या राशीजवळ आणि वाळक्या पाचोळ्यात कुत्रा मोकळा सोडायचा नाही, आणि अंधारात पट्टा हातात, बॅटरी पुढे. माणसांना देतात तेच प्रतिविष कुत्र्यालाही चालतं. निघण्याआधी जवळचे प्राण्यांचे डॉक्टर कुठे भेटतील आणि त्यांच्याकडे प्रतिविष असतं का, हे फोन करून विचारून ठेवायचं. मी ते दर मोसमाला विचारते. फेब्रुवारीनंतर कधी गेलीस तर आणखी एक सांभाळायचं: टिटव्या उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये अंडी घालतात, आपल्या डोळ्यांना दिसतही नाहीत. कुत्रा एका फेरीत घरटं उधळतो. त्या दिवसांत काठाने चालताना राणीलाही पट्टा.

एवढ्या सूचना वाचून दमलीस ना? मी हे सगळं लिहितेय कारण पुढच्या वेळी तू बरोबर असशील असं मी धरून चाललेय. खरं सुख सूचनांच्या पलीकडे आहे. मागच्या महिन्यात रात्री जेवण झाल्यावर मी आणि राणी काठाशी बसलो होतो. मृग चांगला वर आला होता, त्याच्या पोटातला तीन ताऱ्यांचा बाण, आणि त्या रेषेत खाली व्याध, इतका झगझगीत की पाण्यात त्याची रेघ पडलेली. आपल्याकडे व्याध म्हणजे शिकारी, आणि पाश्चात्त्यांनी व्याध ज्या तारकासमूहात येतो त्यात कुत्रा पाहिला. माझा थोरला, जो घरी हेडफोनमधून बाहेर येत नाही, तो आपण होऊन येऊन बसला आणि तासभर बोलत होता. कॉलेजचं, पुढे काय करायचं त्याचं, त्याला कशाची भीती वाटते त्याचं. भैरूची मान त्याच्या मांडीवर होती आणि बोलताना तो सतत तिच्यावरून हात फिरवत होता. घरात हे बोलणं होत नाही. फिरायला जाऊ म्हटलं असतं तर तो आलाही नसता, भैरूसाठी येतो.

तुझाही दहावीतला मुलगा आहे. एक रात्र अभ्यास बुडाला तर बुडू दे.

सुलतान सहा वर्षांचा झाला. लॅब्रॉडॉर दहा-बारा वर्षं जगतात. पुढे त्यांचे खुबे धरतात, वजन वाढतं, मग जिना चढणंही नको वाटतं. त्याची पळायची जी वर्षं आहेत ती आत्ताची आहेत. ती दुसऱ्या कुणाच्या साखळीला जाऊ देऊ नकोस.

तर असं कर. जानेवारीतला दुसरा शनिवार धर. शुक्रवारी ड्यूटी संपवून गाडीनेच निघ. रेल्वेत कुत्र्याला आपल्यासोबत ठेवायचं तर पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे लागतो, तो मिळायची शाश्वती नाही. गाडीत मागच्या सीटला त्याचा पट्टा अडकव, निघण्याआधी तीन तास खायला देऊ नकोस, खोपोलीच्या आधी एकदा उतरवून पाणी पाज. रात्री आमच्याकडेच झोपा. राणीची आणि त्याची ओळख बाहेर, चालता चालता करून देऊ, घरात समोरासमोर नको. तंबू जास्तीचा आहे. तू फक्त त्याची सतरंजी, लसीचं कार्ड, पट्टा आणि मुलाला घेऊन ये. विनयला सुट्टी मिळाली तर उत्तमच. दिरांना तोवर काही कळवू नकोस. भाटघरहून परत गेल्यावर काय ते ठरव, मी पुन्हा आग्रह करणार नाही.

आईचे थेंब घालायची वेळ झाली. काकूंना नमस्कार सांग, मुलाला आशीर्वाद, सुलतानच्या कानामागे माझ्या वतीने खाजव. ड्यूटीचं वेळापत्रक लागलं की लगेच कळव, म्हणजे मामांना दोन तंबूंचं सांगून ठेवता येईल.

तुझी,
सुमा