वृद्धाश्रमातला पहिला महिना

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वृद्धाश्रमाचा विषय निघाला की मुलांनी सोडलं की सांभाळलं, यावरच शाई खर्च होते. आत गेलेल्या माणसाचं पहिल्या महिन्यात काय होतं, हे मात्र राहूनच जातं. बिनसतं बहुतेक वेळा तेव्हाच.

पाण्याचंच बघा. नव्या जागी रात्री संडास सापडत नाही, शेजारच्या पलंगावरच्या बाईंची झोपमोड नको, म्हणून आजी संध्याकाळपासून पाणी पिणंच सोडतात. आधी पोट साफ होईनासं होतं, मग लघवीला जळजळ, आणि एके रात्री अचानक भ्रम: माणसं ओळखत नाहीत, पिशवी भरून दाराशी उभ्या. 'डोक्यावर परिणाम झालाय' म्हणत झोपेची गोळी दिली जाते आणि त्या गुंगीत उठताना तोल जातो. खुब्याचं हाड मोडायला एवढं पुरतं. एक-दोन दिवसांत उद्भवलेला भ्रम हे म्हातारपण नव्हे. त्याच दिवशी डॉक्टर बोलवावा. त्याआधीची तजवीज अगदी साधी आहे. घरी ज्या बाजूने पलंगावरून उतरत, तीच बाजू संडासाकडे यावी. वाटेत झिरोचा बल्ब लावावा, पायपुसणं उचलावं. दिवसभराचं बरंचसं पाणी दुपारी चारच्या आत पोटात जावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर अर्थात डॉक्टर सांगतील तेवढंच.

औषधांचा घोळ वेगळाच. तीच गोळी दुसऱ्या कंपनीची आली की रंग बदलतो. मग 'ही माझी नाही' म्हणून ती नाकारली जाते, नाहीतर पिशवीतली जुनीही घेतली जाते आणि मात्रा दुप्पट होते. यादीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम हवेत. घरी साडेनऊला जेवणाऱ्याला इथे सातला ताट मिळतं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ही वेळ डॉक्टरांना आधीच सांगावी, नाहीतर साखर उतरण्याचा धोका.

'चार दिवसांसाठी चल' असं सांगून आणलेला माणूस महिनोन्‌महिने पिशवी सोडत नाही. 'पंधरा दिवस भेटायला येऊ नका, रुळतील,' हा सल्लाही आम्हाला पटत नाही. अर्धाच तास या, पण ठरल्या वारी, ठरल्या वेळी. येताना घरची गोधडी आणा, आणि ती न धुता. घरचा वास तिच्यातच असतो. (खोलीतली भांडणं बहुधा पंख्यावरून होतात. पलंग ठरवण्याआधी कुणाला वारा सोसत नाही, एवढं विचारलं तरी निम्मी टळतात.)

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये जिल्ह्यागणिक किमान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. सेवांचा दर्जा ठरवण्याचा अधिकारही शासनाला त्याच कलमाने दिला आहे. त्या दर्जात दाखल होतानाचा एक पानी तक्ता सक्तीचा करावा: झोपेची व जेवणाची वेळ, उतरण्याची बाजू, औषधांची मूळ नावं, चष्मा-कवळी-श्रवणयंत्रावर नाव घातलं का, आणि घरी त्यांना काय म्हणून हाक मारत. हा तक्ता कपाटात नको, रात्रपाळीच्या मावशींच्या हाताशी हवा.

— वृद्धसेवेतील दोन कार्यकर्त्या, पुणे