होडी विकू नका, दादा

तीर्थरूप आई आणि दादांना साष्टांग नमस्कार.

फोनवर दादांना नीट ऐकू येत नाही आणि आई मधेच "जेवलास का" म्हणून फोन ओढून घेते, म्हणून आपल्या होडीचं सगळं कागदावर लिहायलोय. ताईला म्हणावं, दादांना मोठ्यानं वाचून दाखव, आणि काही गाळू नको.

त्रिपुरी पौर्णिमेला काकडा संपला की संध्याकाळी होड्यांची मिरवणूक काढायची असं यंदा पोरांनी ठरवलं. फ्लोरिडात नाताळाच्या आधी लोक बोटी दिव्यांनी मढवून रांगेनं फिरवतात, त्याचा व्हिडिओ कुणीतरी ग्रुपवर टाकला होता. तिथून हे खूळ. एकजण म्हणाला, जायकवाडी धरणात काढू, नाथसागरात. त्यात मीच मोडता घातला. ते 1986 पासून पक्षी अभयारण्य, आणि थंडीच्या याच दिवसांत बाहेरची पाखरं तिथं उतरतात. आपली गंगा-गोदावरी काय वाईट आहे? खाली हिरडपुरीच्या बंधाऱ्यानं पाणी तुंबलेलं, वर धरणाचे 27 दरवाजे सगळे बंद. पात्राला ओढ म्हणून नव्हती.

आता दादा, तुमचा पहिला प्रश्न, करंटचा. घरातली लाईट नाही, जनरेटर नाही. पत्र्याची होडी, तळात कायम चार बोटं पाणी, त्यात 230 व्होल्ट घेऊन कोण बसेल! फवारणी पंपाची बॅटरी लावली, 12 व्होल्ट, 12 अँपिअर-अवरची. एलईडीची पाच मीटरची साधी पट्टी 24 वॅट खाते, म्हणजे दोन अँपिअर. हिशोबानं सहा तास निघतात, पण ही बॅटरी पार पिळून काढली की लवकर बाद होते, म्हणून तीन तासांच्या वर ताणायची नाही असं आधीच ठरवलं. दोन पट्ट्या, दोन बॅटऱ्या, एक आपली अन् एक काकांची. काकांनी त्यासाठी तुरीवरची फवारणी एक दिवस लांबवली, आणि ते अजून बोलून दाखवायलेत.

बॅटरीच्या प्लसच्या टोकाला लागूनच फ्यूज घातला. पट्टी कुठंही कापता येत नाही, तीन-तीन दिव्यांनंतर खूण असते, तिथंच कात्री लावायची आणि उघडं टोक सिलिकॉननं बुजवायचं. पत्र्याच्या काठावर वायर घासून सोलेल, म्हणून सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून काठावर चढवली.

सजावट दीपमाळेची केली. त्रिपुरीला दीपमाळच शोभते. कुणी कमळ केलं, कुणी मोर, एकानं तर ट्रॅक्टर केला! बांबूच्या कामट्या बांधून खाली रुंद, वर निमुळती. पोरांना ती माणसाएवढी उंच हवी होती. मी कमरेच्या वर जाऊ दिली नाही. वजन बुडाशी पाहिजे हे तुम्हीच शिकवलेलं, आणि उंच सांगाडा वारा धरतो. बॅटऱ्या मधोमध, फळीवर. होडीत माणसं दोनच, आणि आई, लाईफ जॅकेट दोघांनीही घातलं होतं.

खरी पंचाईत अंधार पडल्यावर झाली. दिवे लावले आणि वल्हवणाऱ्याला पुढचं दिसेना. डोळ्यांसमोर झगझगाट, पलीकडचं पाणी काळंठिक्कर. मग माळेच्या आतल्या अंगाला गोणपाट बांधलं, तेव्हा कुठं काठ दिसायला लागला. समुद्रातल्या बोटींना डाव्या अंगाला लाल आणि उजव्या अंगाला हिरवा दिवा असतो, त्यावरून समोरच्याला कळतं बोटीचं तोंड कुणीकडं आहे. आम्हीही तसेच लावले, आणि सजावटीत लाल-हिरवं कुणी घ्यायचं नाही असं ठरवलं. ट्रॅक्टरवाला रुसला. त्याचा ट्रॅक्टर लालच होता ना.

घाटावर बायका द्रोणात दिवे सोडत होत्या. आमच्या लाटेनं ते विझू नयेत म्हणून मधून, अगदी सावकाश नेल्या होड्या. तरी एक-दोघींनी शिव्या घातल्याच. देवळापर्यंत जाऊन परत, एवढीच मिरवणूक. पण घाटावरची म्हातारी माणसं विचारत होती, ही दादांचीच होडी का, अजून आहे होय?

म्हणून सांगतो दादा, विकू नका. गुडघ्यामुळं तुम्ही आता वल्हं धरणार नाही हे मला कळतं. पण तो गिऱ्हाईक पत्र्याचा भाव करतोय, होडीचा नाही. तळाला दोन ठिकाणी गंज आहे, मी बघितलाय. उन्हाळ्यात पाणी उतरलं की उलटी घालून ठिगळ मारून घेतो, वरून डांबर. तोवर डॉक्टर तुम्हाला चालायची परवानगी देतील. झाडाखाली खुर्ची टाकून देतो, कुठं राहिलं ते बसून सांगा.

त्या माणसाला नाही म्हणून ताईच्या फोनवरून तुम्हीच कळवा. मी दोनदा सांगितलं, तो म्हणतो मालकाला बोलू दे.

आई, कारळाची चटणी संपली. येताना डबा आण.

तुमचा,
धाकटा