यंत्राने धोका कळवला होता, मंत्रिमहोदय

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

घरी राहणाऱ्या रुग्णांवर यंत्रांद्वारे देखरेख ठेवण्याची योजना सुरू करताना आपण जाहीर शब्द दिला होता की हृदयविकाराच्या प्रत्येक रुग्णाकडे चोवीस तास लक्ष राहील. त्या भरवशावर आम्ही आईला घरी आणले. आज ती पुन्हा अतिदक्षता विभागात आहे आणि मी बाहेरच्या बाकावर बसून हे पत्र लिहिते आहे.

आईचे हृदय पुरेशा जोराने रक्त ढकलू शकत नाही. अशा रुग्णाच्या अंगात पाणी साठत जाते आणि धाप लागण्याच्या बरेच आधी ते वजनात दिसते. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले तर लगेच कळवा, असे डिस्चार्ज कार्डावरच लिहिले होते. म्हणून तर मोबाइलला जोडलेला वजनकाटा, रक्तदाबाचे यंत्र आणि ऑक्सिमीटर आम्हाला मिळाले. शुक्रवारी वजन वाढले. शनिवारी आणखी वाढले. रविवारी वाढ दोन किलोच्या वर गेली. नडगीवर अंगठा दाबला तर पडलेला खळगा तसाच राहत होता. ॲपवर लाल पट्टी आली: ‘तुमच्या वैद्यकीय पथकाला सूचना दिली आहे.’ हेल्पलाइनला फोन लावला, तर ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले की कामकाज सोमवार ते शनिवार चालते.

पहाटे आईला आडवे पडता येईना. उशा लावून बसवले तरी तिला वाक्य पुरे करता येत नव्हते. रुग्णालयात डॉक्टर म्हणाले, “दोन दिवस आधी कळवायचं ना! लघवीची गोळी वाढवून कदाचित घरीच निभावलं असतं.” मी मोबाइल पुढे केला. त्यांच्या संगणकावर आमच्या नोंदी दिसतच नव्हत्या. त्या कंत्राटदाराच्या यंत्रणेत जातात, रुग्णालयाच्या नाही. आईच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, तेवढ्यात माझ्या मोबाइलवर संदेश आला: ‘आपण आजचे वजन नोंदवलेले नाही. कृपया नियमित राहा.’

महोदय, तो संदेश वाचून माझे हात थरथरले. अजूनही फोन वाजला की थरथरतात.

यंत्राने आपले काम केले होते. वजन अचूक मोजले, वेळेवर पाठवले. पलीकडे माणूस नव्हता. आणि माणूस नसेल तर उपयोग होत नाही, हे तुमच्या तज्ज्ञांना माहीत असायला हवे होते. अमेरिकेत 2010 साली 1,653 रुग्णांवरचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण रोज फोनवरच्या स्वयंचलित यंत्रणेला वजन आणि लक्षणे सांगत, दवाखाने ती नोंद नंतर पाहत. मृत्यू किंवा पुन्हा भरती होण्याचे प्रमाण देखरेखीत 52.3 टक्के, देखरेखीविना 51.5 टक्के. काडीचा फरक पडला नाही. जर्मनीत 2018 साली 1,571 रुग्णांच्या अभ्यासात मात्र मृत्यू घटले: वर्षाला शंभरामागे सुमारे 11 वरून 8 वर. तिथे केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका रात्रंदिवस हजर होत्या. तुम्ही आमच्यासाठी यातले कोणते प्रारूप उचलले, हे मी वेगळे सांगायला नको.

ऑक्सिमीटरचीही गोष्ट तशीच. सावळ्या, काळ्या त्वचेवर तो ऑक्सिजन असतो त्याहून जास्त दाखवू शकतो. 2020 च्या एका अमेरिकी अभ्यासात ऑक्सिजन धोकादायक पातळीवर घसरलेला असूनही यंत्राने ठीक दाखवल्याचे प्रकार कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के आणि गोऱ्यांत 3.6 टक्के निघाले. खरेदी करताना कोणत्या त्वचेवर चाचणी घेतली, हे कोणी विचारले का? आई तर ‘आकडा चांगला आहे’ म्हणून रविवारभर मलाच धीर देत होती.

पण विचारणार कोण? तुमच्या खात्यात मोजले जाते ते किती संच वाटले एवढेच. वाटपाचे फोटो निघतात, रात्रपाळीच्या परिचारिकेचा फोटो कोणी काढत नाही, म्हणून तिचे पद भरले जात नाही. वस्तूंची निविदा निघते, बिल निघते, काम संपते. माणसाला महिन्याच्या महिन्याला पगार द्यावा लागतो, तिथे तुमचा हात आखडतो. मग उरलेली रात्रपाळी कोण करते? घरातल्या मुली आणि सुना. माझी नोकरी, माझी झोप यांचा हिशेब तुमच्या कोणत्या अहवालात आहे?

माझ्या मागण्या थोड्या आहेत. देखरेख केंद्रात रात्री आणि सुट्टीच्या दिवशीही परिचारिका असू द्या. लाल इशाऱ्याला ठरलेल्या वेळेत उत्तर गेले नाही, तर थेट डॉक्टरांचा फोन वाजू द्या. आमच्या नोंदी उपचार करणाऱ्या रुग्णालयाला दिसू द्या. आणि त्या रविवारी आईच्या इशाऱ्यासमोर कामावर कोणाचे नाव होते, ते मला लेखी कळवा. कोणाचेच नसेल, तर तेही लेखी कळवा.

हे होईपर्यंत नवे संच वाटू नका. वाटणारच असाल तर पेटीवर मोठ्या अक्षरांत छापा की रात्री आणि रविवारी या नोंदी कोणी पाहत नाही. म्हणजे लाल पट्टी दिसली की घरचे लोक उत्तराची वाट न पाहता थेट रुग्णवाहिका बोलावतील.

एका रुग्णाची मुलगी